समजुतीचे सहा महिने

चंदीगडमधल्या अडीचशे वकिलांच्या छातीची आणि खांद्यांची मापं मंजुषा गावंडे हिच्या वहीत होती. काळा कोट, त्यावरचा गाऊन, गळ्यातले पांढरे बँड, सगळं ती सेक्टर बावीसमधल्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत बसून शिवायची. कुणाचा डावा खांदा उतरता आहे, कुणाचं पोट दर वर्षी दोन बोटं पुढे सरकतं, कुणाला खिसा आतून हवा, हे तिला झोपेत विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. आणि अशा या बाईचं राहतं घर एका माणसानं नुसतं कुलूप बदलून घशात घातलं, तेव्हा पुढचे पाच महिने तिनं एकाही वकिलाला अवाक्षर विचारलं नाही. अडीचशे वकील! त्यातल्या एकाचा दंड मापताना सहज जरी विचारलं असतं, तरी पुरलं असतं.

मंजुषा यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याची. नवरा विजयकुमार इथल्या मोठ्या वैद्यकीय संस्थेत प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होता, म्हणून ती चंदीगडला आली. तो गेला तेव्हा सरकारी क्वार्टर सोडावं लागलं. मुलगी स्वराली तेव्हा पंधरा वर्षांची. मंजुषानं बहल कुटुंबाच्या घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला, खिडकीपाशी मशीन मांडलं आणि शिवणकाम सुरू केलं. पहिला कोट एका नवशिक्या वकिलाचा होता. तो अंगावर असा बसला, की त्याच्या मागोमाग दुसरे आले, मग तिसरे. आठ वर्षांत त्या पत्त्याला नाव झालं. वकील जिना चढून येत, हात पसरून उभे राहत आणि माप देऊन जात. ती त्यांच्याशी कापडापलीकडे काही बोलत नसे. गिऱ्हाइकाला आपली रड ऐकवायची नाही, असा तिचा बाणा होता. बाणा चांगलाच, पण कधी आवरता घ्यायचा हेही माणसाला कळायला हवं.

मालकीण म्हणजे म्हाताऱ्या बहलबाई. सगळे त्यांना बीजी म्हणत. मंजुषा दर वर्षी मे महिन्यात स्वरालीला घेऊन महिनाभर भावाकडे दारव्ह्याला जायची आणि जाताना घराची किल्ली बीजींच्या हातात द्यायची. का? तर गावाला जाताना किल्ली शेजारी ठेवायची असते म्हणून. पाणी भरायचं असलं, कुठे नळ गळला, कुंडीतल्या तुळशीला घोटभर पाणी घालायचं असलं, तर दार उघडता यायला हवं. शिवाय किल्ली दिली नाही, तर विश्वास नाही असं वाटायचं समोरच्याला. तिच्या आईनं हेच केलं होतं, तिच्या सासूनं हेच केलं होतं. इथल्या पंजाबी शेजारणी तिला हसायच्या. ‘असी तां सब्जी लैण जाइए, तां वी ताला लाके चाबी पल्लू नाल बन्ह लैंदे हां,’ म्हणायच्या; आम्ही भाजी आणायला गेलो तरी कुलूप लावून किल्ली पदराला बांधतो. मंजुषाही हसायची आणि किल्ली देऊन मोकळी व्हायची. सात वर्षं बीजींनी तुळस जगवली आणि किल्ली परत दिली, त्यात कधी काही वावगं झालं नाही.

आठव्या वर्षी फेब्रुवारीत बीजी वारल्या. घर मुलाच्या, तरुण बहलच्या हातात आलं. त्याचं फरशांचं दुकान होतं आणि डोळे होते वरच्या मजल्यावर. तिथे मुलींसाठी पेइंग गेस्ट काढायचं त्याच्या मनात होतं. हे मंजुषाला ठाऊक नव्हतं. नऊ मेला ती निघाली तेव्हा क्षणभर थांबली होती, पण या मुलाला किल्ली दिली नाही तर वाईट दिसेल, एवढाच विचार तिनं केला. मायलेकींना स्टेशनवर सोडायला श्यामकांत गाडी घेऊन आले होते. ते बॅग उचलून जिन्याशी उभे होते. त्यांच्या देखत तिनं किल्ली बहलच्या हातात दिली आणि म्हणाली, “तुलसी को पानी डालना बेटा, ग्यारह जून को आती हूँ.”

“आप बेफिकर होके जाओ, आंटी,” बहल म्हणाला.

हे श्यामकांत म्हणजे कोण, तेही सांगायला हवं, कारण या गोष्टीत बहलइतकाच त्यांचाही हात आहे. मूळचे सांगलीचे, केंद्र सरकारच्या हिशेब खात्यातून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले, विजयकुमारचे मित्र आणि इथल्या मराठी मंडळातले वडीलधारे. कुणाच्या घरी भांडण असो, लग्न असो, बदली असो, श्यामकांतांना विचारल्याशिवाय पान हलत नसे. मंजुषा त्यांना भाऊजी म्हणायची, ते तिला वहिनी म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. अडीअडचणीला गाडी काढून येणारा होता. पण पस्तीस वर्षं नोकरी करून आपण पोलीस चौकीची आणि कोर्टाची पायरी चढलो नाही, याचा त्यांना असा अभिमान होता, की जणू चढणारे सगळे चोरच असतात.

अकरा जूनला मंजुषा जिना चढून वर आली, तर दाराला नवंकोरं पितळी कुलूप. दाराशेजारची तिची पाटी गायब. खाली गॅरेजमध्ये तिची भांडी, गाद्या, कपड्यांच्या ट्रंका, विजयकुमारचा फोटो, सगळं एकावर एक रचलेलं. मशीन आणि अर्धवट शिवलेले सहा कोट मात्र वरच, कुलपाआड. भर उन्हात तिच्या पायाखालची वाळू सरकली. बहलला बोलावलं, तर तो खांदे उडवत म्हणाला, “आंटी, चाबी तो आप खुद दे गए थे. मैं समझा आपने मकान छोड़ दिया.”

“छोड़ दिया? माझं मशीन आत, माझ्या गॅसचं कार्ड या पत्त्यावर, अन् छोड़ दिया?” रागात तिच्या तोंडून अर्धं मराठीच निघालं. बहलला त्यातलं कळलं नाही, की कळून घ्यायचं नव्हतं, देव जाणे. जिन्याखाली इस्त्रीवाल्याचं टेबल होतं. तो म्हणाला, “दीदी, सामान तो सतरह मई को ही उतार दिया था इन्होंने. मैं यहीं था, मैंने पूछा भी था.” बहलनं त्याच्याकडे असं पाहिलं, की तो पुन्हा इस्त्रीत डोकं घालून बसला.

मंजुषानं फोन केला तो भाऊजींना. ते तासाभरात आले. आता ते बहलला चार शब्द सुनावतील, असं तिला वाटलं. त्यांनी आधी तिलाच सुनावले.

“वहिनी, आवाज चढवू नका. आपण परप्रांतात आहोत.”

“चौकीत जाऊन सांगते ना मी, भाऊजी. माहं घर हाय ते.”

“चौकीत? बाईमाणसानं? उद्या स्वरालीच्या लग्नाचं बघायचंय. चौकीत नाव लागलं की विषय संपला. मी बोलतो त्याच्याशी, समजुतीनं घेऊ.”

ते बहलला घेऊन बाजूला गेले. दोघांनी चहा घेतला. परत आले ते हसत. मुलगा समजूतदार आहे, म्हणाले, गैरसमज झाला, वरच्या खोल्यांत काम काढलंय, थोडा वेळ मागतोय. तोवर सामान इथे धूळ खायला नको, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः टेम्पो आणला, मंजुषाचं सामान भरलं आणि आपल्या बंगल्यामागच्या खोलीत मायलेकींची सोय केली. मंडळात सगळ्यांनी वाहवा केली. परदेशी कुठे असा मोठा भाऊ मिळतो, असं मंजुषाही म्हणाली. आपण स्वतःच्या हातानं सामान उचलून दिलं, याचा अर्थ काय काढला जाईल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. भाऊजींच्याही नव्हतं, पण त्यांना सगळं कळतं असा सगळ्यांचा समज होता आणि त्यांचा स्वतःचाही.

एकट्या स्वरालीला मात्र हे पटलं नाही. ती आता तेवीस वर्षांची, सेक्टर चौतीसमधल्या एका कोचिंग क्लासात गणित शिकवायची. मराठी तिला कळायचं, उत्तर हिंदीतून यायचं.

“मम्मी, यह गलत है. आपके पास इतने वकील आते हैं. किसी एक से तो पूछो.”

“अगं, गिऱ्हाईक हायेत ते. त्यायले काय आपलं रडगाणं सांगायचं?”

“रडगाणं नहीं है यह. हमारा घर है.”

भाऊजींनी हे ऐकलं आणि पोरीची समजूत काढली. “बेटा, वकिलाची नोटीस गेली की बोलणी बंद. आता दार थोडं तरी किलकिलं आहे.” किलकिलं! दाराला पितळी कुलूप होतं आणि यांना ते किलकिलं दिसत होतं.

मग सुरू झाल्या भाऊजींच्या वाटाघाटी. जुलैत बहल म्हणाला, फरशी बदलतोय. ऑगस्टमध्ये त्याचे सासरे आजारी पडले. सप्टेंबरात त्यानं सांगितलं की श्राद्धाचे दिवस आहेत, अशा दिवसांत घरात कुणाला आणत नाहीत. हेही भाऊजींनी मान डोलवत ऐकून घेतलं. गणपतीत मंडळाच्या बैठकीत मंजुषाचा विषय निघाला, तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं की सामोपचारानंच जावं, आणि लगेच आरतीच्या ताटांची वाटणी सुरू झाली. ऑक्टोबरात बहल म्हणाला, दिवाळीनंतर नक्की. दर वेळी भाऊजी येऊन सांगत, “वहिनी, होतंय.” दर वेळी मंजुषाच्या तळपायाची आग मस्तकात जाई आणि दर वेळी ती ती आग गिळून टाकी. या माणसानं आपल्याला छप्पर दिलं आहे, त्याच्यापुढे कसं बोलायचं? मिंधेपणानं माणसाची जीभ कशी बांधली जाते, हे ज्यानं भोगलं त्यालाच कळतं. एका जुन्या हातमशीनवर ती फक्त बँड शिवायची आणि बाह्या लहान-मोठ्या करून द्यायची. पत्ता विचारणाऱ्या वकिलांना सांगायची, “घर बदललंय, थोडं थांबा.” बरेच जण थांबले नाहीत, त्यांनी दुसरे शिंपी शोधले.

नोव्हेंबरच्या बारा तारखेला ती बँड पोचवायला सेक्टर एकमध्ये, हायकोर्टाच्या वकिलांच्या खोल्यांकडे गेली. बाहेर व्हरांड्यात ॲडव्होकेट रागिणी सूद भेटल्या. मूळच्या सोलनच्या, पन्नाशीच्या, बोलायला फटकळ.

“मंजुषाजी, मेरा कोट? मई में दिया था आपको. अब तो ठंड आ गई.”

मंजुषा म्हणाली, कोट आत आहे. आत म्हणजे कुठे? कुलपाआड. कुणाच्या कुलपाआड? आणि मग पाच महिन्यांत पहिल्यांदा तिनं एका वकिलाला सगळं सांगितलं, तेही कोट कुठे अडकलाय हे समजावण्यापुरतं. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं, की रागिणीबाई बाकावर बसल्या आहेत आणि त्यांचा चेहरा लाल झाला आहे.

“ताला किस तारीख को बदला?”

“मैं ग्यारह जून को आई तब…”

“आप कब आईं, यह नहीं पूछ रही. ताला कब बदला?”

“सतरह मई. इस्त्रीवाला बोला था.”

रागिणीबाईंनी बोटांवर मोजलं. मग त्या इतक्या मोठ्यानं बोलल्या, की व्हरांड्यातली माणसं वळून पाहू लागली. किरायेदाराला असं हुसकावता येत नाही. घर खाली करून हवं असेल, तर मालकाला कोर्टात जावं लागतं, कुलूप बदलून चालत नाही. आणि ज्याला असं बाहेर काढलं जातं, तो ताबा परत मिळवण्यासाठी थेट दावा लावू शकतो. त्यात घर कुणाच्या मालकीचं आहे, हेसुद्धा कोर्ट बघत नाही, फक्त एवढंच बघतं की ताबा कुणाचा होता आणि तो कायद्याबाहेर काढून घेतला का. पण त्याला मुदत असते सहा महिन्यांची. ज्या दिवशी ताबा गेला, त्या दिवसापासून.

“पाँच दिन बचे हैं आपके पास. पाँच. इतने महीने आप क्या कर रही थीं?”

काय करत होती ती? भाऊजींच्या मागच्या खोलीत बसून समजूतदार मुलाची वाट पाहत होती. तिला रडू आलं नाही. संताप आला, आणि तोही इतका, की हातातला बँडांचा पुडा तिनं चुरगळून टाकला. बहलचा संताप, भाऊजींचा संताप आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. अडीचशे माणसांच्या अंगावर तिनं कायद्याचा कोट चढवला होता आणि कायद्याला मुदत असते एवढी साधी गोष्ट तिला ठाऊक नव्हती.

“आणि सामान टेम्पोत भरून तुम्ही स्वतः नेलंत,” रागिणीबाई हिंदीत म्हणाल्या, “तो म्हणणार, बाईंनी राजीखुशीनं घर सोडलं. कुणी सांगितलं होतं हे?”

मंजुषानं सांगितलं. रागिणीबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. जाता जाता त्यांनी आणखी एक सांगितलं, की वकील परवडत नाही म्हणून कुणी थांबायची गरज नसते. मोफत कायदेशीर मदत प्रत्येक बाईचा हक्क आहे, तिची कमाई किती हे कुणी विचारत नाही. जिल्हा कोर्टात त्याचं कार्यालयच असतं. मंडळात एवढे शिकलेले लोक, पाच महिन्यांत यातलं एक वाक्य कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं.

त्याच संध्याकाळी कामाला सुरुवात झाली. गॅसचं कार्ड, आधारवरचा पत्ता, वीजबिलं, मापांची वही, ज्याच्यावर वर्षानुवर्षं तोच पत्ता लिहिलेला. मग साक्षीदार. इस्त्रीवाल्याला मंजुषानं घाबरतच विचारलं. त्यानं इस्त्री बाजूला ठेवली. “बुलाओगे तो आ जाऊँगा दीदी. जो देखा वही बोलना है ना?” ज्याचं पोट बहलच्या जिन्याखाली भरत होतं, तो माणूस एका वाक्यात तयार झाला.

राहिले भाऊजी. किल्ली कशासाठी दिली, हे ऐकणारं माणूस एकच होतं. तिला वाटलं, हे तर हक्काचं माणूस. ती घरी आली तेव्हा ते व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत बसले होते. तिनं सगळं सांगितलं आणि म्हणाली, “भाऊजी, तुमी फक्त येवढंच सांगा की किल्ली तुळशीसाठी देली होती.”

भाऊजींनी वर्तमानपत्राची घडी घातली. पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

“वहिनी, तुम्ही मला न विचारता वकिलाकडे गेलात.”

“पाचच दिवस राहिले होते.”

“ते ठीक आहे हो. पण कोर्टात… माझं नाव नको. या वयात कठड्यात उभं राहायचं? लोक काय म्हणतील? बहलच्या काकांचा आणि माझा सकाळी फिरण्याचा ग्रुप एक आहे. तुम्ही दुसरं कुणी बघा ना.”

“दुसरं कोणी नव्हतंच ना तिथं! तुमीच होते!”

“मी तुम्हाला राहायला जागा दिली, वहिनी. आणखी किती करायचं माणसानं?”

पाच महिने जे तिनं गिळलं होतं, ते सगळं तेव्हा बाहेर आलं. “जागा देली, म्हणता? माहं घर गेलं नसतं तर मले तुमची जागा लागलीच काहून असती? त्यानं एका दिवसात कुलूप लावलं. मुदतीतले पाच महिने तुमी संपवले, भाऊजी. तुमीच! ‘होतंय, होतंय’ म्हणत संपवले. अन् आता खरं बोलायची येळ आली, तर तुमाले फिरायचा ग्रुप आठवून रायला?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मंजुषानं ती खोली सोडली. स्वरालीच्या क्लासातल्या एका मैत्रिणीनं आपल्या खोलीत दोघींना सामावून घेतलं. सोळा नोव्हेंबरला, मुदत संपायच्या एक दिवस आधी, सेक्टर त्रेचाळीसच्या जिल्हा कोर्टात दावा दाखल झाला. वकीलपत्रावर मंजुषानं ठळक सही केली. घाबरायचे दिवस तिनं भलतीकडेच घालवले होते.

पुढे बहलचं लेखी उत्तर आलं. त्यात होतं, की बाईंनी स्वतःहून घर सोडलं, श्यामकांत नावाच्या एका प्रतिष्ठित गृहस्थांच्या समोर किल्ली दिली आणि त्याच गृहस्थांच्या टेम्पोतून सामान नेलं. रागिणीबाई ते वाचून हसल्या. “अच्छा हुआ. नाम उसने खुद लिख दिया.” साक्षीदाराची इच्छा असो नसो, कोर्ट त्याला समन्स काढून बोलावू शकतं. श्यामकांतांना समन्स गेलं.

ज्या माणसानं पस्तीस वर्षं ती पायरी टाळली, त्याच्या दारात कोर्टाचा शिपाई कागद घेऊन आला. तिसऱ्या दिवशी ते मंजुषाला शोधत आले, घामाघूम.

“वहिनी, हे टाळता नाही येणार? नाही गेलं तर काय होतं? कुणा वकिलाला विचारून घेऊ का?”

“विचारा ना भाऊजी,” मंजुषा म्हणाली. “आजच विचारा. अजिबात थांबू नका.”

साक्षीचा दिवस यायला पुढचं वर्ष उजाडलं. श्यामकांत इस्त्रीचा शर्ट घालून आले, शपथ घेतली आणि किल्लीची गोष्ट जशी घडली तशी सांगितली. खोटं बोलायचा त्यांचा पिंड नव्हता, फक्त खरं बोलायची तयारी नव्हती. मग बहलचा वकील उलटतपासणीला उठला. त्याचा कोट मंजुषानंच शिवलेला होता आणि अजूनही खांद्यावर उत्तम बसला होता.

“आप कहते हैं घर छीना गया. तो ये मैडम पाँच महीने चुप क्यों बैठीं? न थाने गईं, न कचहरी. सामान भी खुद उठा ले गईं. जिसका घर छिनता है, वह ऐसे चुप बैठता है?”

रागिणीबाईंनी पहिल्याच दिवशी याच प्रश्नाची भीती घातली होती. तिचं मुकाट राहणं, तिचा संयम, भाऊजींनी शिकवलेला सगळा समजूतदारपणा आता तिच्याच विरुद्ध उभा होता, आणि त्याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं, कठड्यातल्या माणसाकडे होतं. श्यामकांतांनी खिशातून रुमाल काढला. मागच्या बाकावर मंडळातले दोघेतिघे बघायला आले होते, त्यांच्याकडे एकदा पाहिलं.

“जवाब दीजिए,” न्यायाधीश म्हणाले.

“क्योंकि मैंने रोका था,” श्यामकांत म्हणाले.

“जरा ऊँचा बोलिए.”

“मैंने रोका था. वो तो पहले ही दिन थाने जाना चाहती थीं. टेम्पो भी मैं ही लाया था. मुझे लगा, समझौता हो जाएगा.” टंकलेखकानं ते इंग्रजीत टिपून घेतलं. बहलच्या वकिलानं आणखी दोन प्रश्न विचारले आणि खाली बसला.

निकाल मंजुषाच्या बाजूनं लागला. ताबा परत द्यायचा हुकूम झाला. बहलनं आणखी तीन महिने खळखळ केली आणि शेवटी कोर्टाच्या बेलिफसमोर कुलूप उघडलं. आत पेइंग गेस्टसाठी आणलेल्या लोखंडी खाटा होत्या, त्या त्याच्या त्यानं उचलून नेल्या. मशीनवर बोटभर धूळ होती. सहा कोटांपैकी चारांना कसर लागली होती, रागिणीबाईंचाही त्यात होता. दोन वर्षं गेली होती. निम्मी गिऱ्हाइकं गेली होती. मंजुषाच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. हे कोण भरून देणार होतं? हुकुमात त्यासाठी एक ओळ नव्हती.

आठवड्याभरानं श्यामकांत जिना चढून वर आले. हातात पेढ्यांचा पुडा होता. मंजुषा जमिनीवर बसून मशीनला तेल देत होती. तिनं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. विजयकुमारचा मित्र होता तो, एवढं तर करायलाच हवं होतं.

“बघा वहिनी, शेवटी सगळं नीट झालं,” ते म्हणाले. “माझ्या साक्षीवर निकाल लागला म्हणे. मी काही कमी नाही पडलो.”

“खरं बोलले तुमी, ते मानते मी. पण मी बोलावलं तवा नाही आले, भाऊजी. कोर्टानं बोलावलं तवा आले.”

श्यामकांतांनी पुडा मशीनच्या फळीवर ठेवला आणि घसा साफ केला. आवाजात पुन्हा ती जुनी बैठकीतली वजनदार माया आली.

“झालं गेलं सोडा आता. राग धरून काय मिळतं? माझं ऐका, राग सोडा.”

मंजुषानं तेलाची बाटली खाली ठेवली, हात फडक्याला पुसले आणि पेढ्यांचा पुडा उचलून परत त्यांच्या हातात दिला.

“राग राहू द्या जी माहा. पाच महिने तुमच्या म्हणण्यावरून सोडला होता, तर घर गेलं होतं.”